लुबेकची पायी वारी आणि पेटीवरचे चार सूर

प्रश्न (तिवसा तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक) : गावच्या भजन मंडळात मी तीस वर्षांपासून पेटी वाजवतो. पुण्यात शिकणाऱ्या नातवाने मोबाइलवर बाख, हँडेल आणि स्कार्लाती या युरोपीय संगीतकारांचे संगीत ऐकवले आणि तिघेही १६८५ सालचे असल्याचे सांगितले. हे तिघे एकाच घराण्याचे होते काय? त्यांची एकमेकांशी ओळख तरी होती काय?

उत्तर : साल एकच, हे खरे. हँडेल फेब्रुवारीत हाले गावी, बाख मार्चमध्ये आयझेनाखला आणि दोमेनिको स्कार्लाती ऑक्टोबरमध्ये नेपल्सला जन्मला. पहिले दोघे तर जर्मनीच्या एकाच मुलखातले, आणि तरीही त्यांची आयुष्यभरात एकदाही गाठ पडली नाही. १७१९ मध्ये, लंडनला नाव काढलेला हँडेल घरच्या माणसांना भेटायला हालेला आला असल्याचे बाखच्या कानावर गेले. बाख तेव्हा जवळच्याच क्योटेन येथे राजदरबारी नोकरीला होता. तो तातडीने निघाला, पण तो पोहोचेपर्यंत हँडेल गाव सोडून गेलेला होता. दहा वर्षांनी, १७२९ मध्ये, पुन्हा तोच योग आला. या वेळी बाख आजारी असल्यामुळे त्याने थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडमान याच्या हाती निमंत्रण धाडले, पण हँडेलला येणे जमले नाही. भेटीची ओढ दोन्ही बाजूंना सारखीच होती असे मला वाटत नाही. हँडेलच्या एका ‘पॅशन’ची, म्हणजे येशूच्या अखेरच्या दिवसांवरील संगीतमय आख्यानाची, बाखने उतरवून घेतलेली प्रत आजही आहे आणि तीत त्याचे स्वतःचे हस्ताक्षर आहे. हँडेलच्या बाजूने असे काही दाखवता येत नाही.

हँडेल आणि स्कार्लाती मात्र भेटले. ऐन विशीत हँडेल इटलीत गेला होता, तेव्हा रोममध्ये कार्डिनल ओत्तोबोनी यांच्या घरी दोघांची जुगलबंदी झाली. हँडेलचे पहिले चरित्र १७६० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात असे सांगितले आहे की, हार्पसिकॉर्डवर, म्हणजे पट्ट्यांच्या तारवाद्यावर, कोण सरस याबद्दल श्रोत्यांत दुमत होते, ऑर्गनवर, म्हणजे चर्चमधील नळ्यांच्या मोठ्या वाद्यावर, मात्र स्कार्लातीने स्वतःच हार मान्य केली. पुढे त्याच्या वादनाची कोणी स्तुती केली की तो हँडेलचे नाव घेई आणि छातीवर क्रुसाची खूण करी, असेही त्या चरित्रात आहे. आपल्याकडे उस्तादाचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात, त्यातलाच हा प्रकार.

आता घराण्याचे. आपल्या अर्थाने त्यांचे घराणे नव्हते. आपल्याकडे विद्या गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात जाते आणि वहीत उतरवून घेतलेल्या बंदिशीकडे जुने लोक जरा संशयानेच पाहतात. या संगीतकारांमध्ये विद्या कागदावरून जात असे, आणि तो कागद स्वतःच्या हाताने उतरवणे हेच अर्धे शिक्षण होते. बाख दहा वर्षांचा होण्याआधीच पोरका झाला आणि ओर्ड्रुफ येथे ऑर्गनवादक असलेल्या थोरल्या भावाकडे राहू लागला. भावाजवळ फ्रोबर्गर, केर्ल, पाखेल्बेल अशा नामवंतांच्या कीबोर्ड-रचनांचे एक बाड होते, ते या पोराच्या हाती द्यायला तो तयार नव्हता. कपाटाला जाळीचे दार होते. त्या जाळीतून बारीक हात घालून, बाडाची गुंडाळी करून ते बाहेर ओढायचे आणि घरात दिवा मिळत नसल्यामुळे चांदण्यात बसून नक्कल करायची, असे बाखने सहा महिने केले. नक्कल पुरी झाली आणि भावाच्या हाती लागली. त्याने ती काढून घेतली. बाखच्या निधनानंतर १७५४ मध्ये छापल्या गेलेल्या मृत्युलेखात ही हकिकत आहे.

त्या बाडात काय होते हे पाहिले म्हणजे तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळते. पाखेल्बेल हा त्या थोरल्या भावाचा गुरू आणि बाखच्या वडिलांचा स्नेही. बाखच्या एका बहिणीचा तो बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिताही होता. फ्रोबर्गर हा रोमच्या सेंट पीटर चर्चमधील ऑर्गनवादक फ्रेस्कोबाल्दी याचा शिष्य. फ्रेस्कोबाल्दीने १६३५ मध्ये कॅथलिक प्रार्थनाविधीसाठी ऑर्गनच्या रचनांचा ‘फिओरी म्युझिकाली’ हा संग्रह छापला होता, आणि प्रॉटेस्टंट बाखने १७१४ मध्ये त्याची प्रत मिळवून तीवर आपले नाव घातले. दोन पंथांत तीस वर्षे युद्ध पेटून निम्मी जर्मनी उजाड झाली होती, पण ऑर्गनच्या बाकावर मात्र एका पंथाची वही दुसऱ्या पंथाच्या माणसापुढे उघडी असे.

कागदावर भागले नाही तेव्हा बाख पायी निघाला. १७०५ च्या शरद ऋतूत, वीस वर्षांचा असताना, आर्नश्टाट येथील चर्चमधून चार आठवड्यांची रजा घेऊन तो उत्तरेला लुबेकला गेला. अंतर सुमारे चारशे किलोमीटर. तुमच्या तालुक्यातील कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला पायी जाते, तेव्हा अशा चालण्याची कल्पना तुम्हाला वेगळी करून द्यायला नको. लुबेकच्या मरियम चर्चमध्ये डीटरिख बुक्स्टेहूड हा वृद्ध ऑर्गनवादक होता. नाताळाआधीच्या काही रविवारी तो सायंकाळी चर्चमध्येच गायक-वादकांचा मोठा ताफा घेऊन जलसे करी. चार आठवड्यांचे चार महिने झाले. फेब्रुवारीत परतल्यावर चर्चच्या मंडळाने बाखला बोलावून जाब विचारला, तेव्हा आपल्या कलेतले काही समजून घ्यायला गेलो होतो, एवढेच त्याने सांगितले. मंडळाची दुसरी तक्रार मला जास्त महत्त्वाची वाटते. भाविक पद गात असताना हा मध्येच विचित्र सूर आणि फिरती मिसळतो, त्यामुळे लोक गोंधळतात, असे त्यांचे म्हणणे होते. भजनात पेटीवाल्याने उगाच ताना घेतल्या की बुवा मागे वळून पाहतात, तसाच हा प्रसंग. लुबेकहून आणलेली शिदोरी गावाला पचली नव्हती.

हँडेलही दोन वर्षे आधी, १७०३ मध्ये, माथेसॉन या मित्राबरोबर लुबेकला जाऊन आला होता. बुक्स्टेहूडच्या पश्चात मिळणारी ही जागा चांगली, पगार चांगला, पण अट अशी की बुक्स्टेहूडच्या मुलीशी लग्न करणाऱ्यालाच ती मिळणार. ही अट ऐकून लोक हसतात, पण त्यामागे व्यवहार होता. बुक्स्टेहूडने स्वतः आपल्या आधीच्या ऑर्गनवादकाच्या, टुंडरच्या, मुलीशी लग्न करूनच ती जागा घेतली होती. म्हाताऱ्या वादकाच्या घरची सोय लावण्याचा तो एक मार्ग होता. घरजावई व्हायला हे दोघे तयार झाले नाहीत आणि हॅम्बर्गला परतले. तिथे पुढच्याच वर्षी एका ऑपेराच्या वेळी हार्पसिकॉर्डवर कोणी बसायचे यावरून दोघांनी एकमेकांवर तलवारी उपसल्या. माथेसॉनचे पाते हँडेलच्या कोटाच्या धातूच्या बटणावर मोडले, म्हणून पुढचे हँडेलचे संगीत आपल्याला ऐकायला मिळाले.

टेलेमान या संगीतकाराचे नाव राहून जायला नको. तो हँडेलचा विद्यार्थिदशेपासूनचा मित्र आणि बाखच्या कार्ल फिलिप इमान्युएल या मुलाचा धर्मपिता. मुलाच्या नावातले ‘फिलिप’ त्याच्यावरूनच आलेले. उतारवयात टेलेमानला बागेचा नाद लागला, तेव्हा हँडेलने त्याला लंडनहून रोपांची पेटी पाठवली होती. टेलेमान गेल्यावर हॅम्बर्गमधील त्याच्या जागेवर आला तो हाच धर्मपुत्र. याला घराणे म्हणण्यापेक्षा गणगोत म्हणावे.

प्रश्न (पुसद येथील महाविद्यालयीन विद्यार्थी) : चर्चसाठी गाणे लिहिणारा आणि नुसत्या कीबोर्डसाठी लिहिणारा माणूस एकच कसा? शब्द नसलेल्या वादनाला धार्मिक म्हणता येते काय?

उत्तर : आधी ‘कीबोर्ड’ या शब्दाची फोड करतो, कारण त्यात तीन निरनिराळी वाद्ये दडली आहेत. हार्पसिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की लाकडाची एक पातळ काडी वर उसळते आणि तिला लावलेले पिसाच्या देठाचे टोक तारेला छेडते. सतारीची नखी पट्टीच्या टोकाला बसवली आहे असे समजावे. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. क्लॅव्हिकॉर्डमध्ये पितळेची पाती तारेला खालून टेकते. आवाज इतका नाजूक की शेजारच्या खोलीतही जेमतेम जावा. तिसरा ऑर्गन. मराठी संगीत नाटकांत ‘ऑर्गन’ म्हणून जो वाजत आला तो वास्तविक पायपेटी, आणि तिच्यात पितळी स्वर असतात. चर्चच्या ऑर्गनमध्ये शेकडो, कधी हजारो नळ्या, आणि वारा भरायला मागे भाते ओढणारी माणसे असत. वादकाचे पायही पट्ट्यांवर चालत असत, खर्जाची एक ओळ पायांकडेच असे.

आता एकाच माणसाकडे दोन्ही कामे कशी, हे पाहू. मार्टिन ल्यूथरने १५२४ च्या सुमारास जर्मन भाषेतील पदे छापवली. चर्चमध्ये गायचे ते पुरोहितांनी लॅटिनमध्ये नव्हे, तर जमलेल्या लोकांनी आपल्या बोलीत, असा त्याचा आग्रह होता. या पदांना कोराल म्हणतात. गुरुकुंज मोझरीची सामुदायिक प्रार्थना ज्याने म्हटली आहे, त्याला शेकडो अशिक्षित कंठ एका चालीवर कसे येतात हे ठाऊक आहे. लोक गाऊ लागण्याआधी चाल आठवून द्यायची आणि गाताना तिला आधार द्यायचा, हे काम ऑर्गनवादकाचे. या दोन मिनिटांच्या प्रस्तावनेतून ‘कोराल प्रिल्यूड’ हा रचनाप्रकार वाढला. बाखने वायमार येथे अशा छोट्या प्रस्तावनांची एक वही सुरू केली. १६४ पदांसाठी पाने आखून ठेवली, त्यांपैकी ४६ च रचना लिहून झाल्या. शब्द नाहीत, पण ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते पद तोंडपाठ असल्यामुळे शब्द त्याच्या मनातच उमटत. ‘ज्ञानोबा तुकाराम’ची चाल नुसत्या पेटीवर वाजली तरी आपले ओठ हलतात, तसेच हे.

दुसरा दुवा साथीचा. त्या काळच्या स्वरलिपीत ऑर्गनवादकापुढे खर्जाची एकच ओळ असे आणि तिच्यावर काही आकडे. बाकीचे त्याने जागेवर भरायचे. हे पेटीवर करून पाहता येईल. पांढरी एक हा सा धरा. खाली नुसता सा लिहिला असेल आणि वर आकडा नसेल तर त्यावर ग आणि प लावायचे. खाली ग लिहिला आहे आणि वर ६ आहे, तर ग पासून तिसरा आणि सहावा स्वर लावायचा, म्हणजे प आणि तार सा. स्वर तेच तीन, पण पाया बदलला की त्यांचा चेहरा बदलतो. रविवारी चर्चमध्ये गायकांमागे हे करणारा वादक सोमवारी घरी शिष्याला हार्पसिकॉर्डवर बसवून हेच शिकवी. त्यामुळे धार्मिक गायन आणि कीबोर्ड ही दोन खाती आपण ग्रंथालयाच्या सोयीसाठी पाडलेली आहेत.

तिसरी गोष्ट नोकरीची. क्योटेनचा दरबार कॅल्व्हिन पंथाचा होता आणि त्या पंथाच्या प्रार्थनेत नटव्या संगीताला जागा नव्हती, म्हणून तिथे बाखच्या हातून वाद्यसंगीत भरभरून झाले. बाराही पट्ट्यांतील २४ प्रिल्यूड आणि फ्यूगांचा ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हिअर’चा पहिला भाग १७२२ चा. (फ्यूग म्हणजे एकच विषय निरनिराळ्या आवाजांनी एकामागून एक उचलायचा रचनाप्रकार.) दुसऱ्या वर्षी तो लाइपझिगच्या थॉमस चर्चकडे गेला आणि दर रविवारी नवी कँटाटा, म्हणजे गायक-वादकांसाठीची अनेक भागांची रचना, उभी करू लागला. अशा सुमारे दोनशे धार्मिक कँटाटा आज उपलब्ध आहेत. स्कार्लातीचे उलट झाले. तरुणपणी तो व्हॅटिकनमध्ये सेंट पीटरच्या गायकवृंदाचा प्रमुख होता, दहा आवाजांचे त्याचे ‘स्ताबात मातेर’ हे मरियमच्या शोकाचे स्तोत्र फार सुंदर आहे. १७१९ मध्ये तो लिस्बनला राजकन्या मारिया बार्बरा हिला शिकवायला गेला, तिच्या लग्नानंतर तिच्याबरोबर स्पेनला गेला, आणि आज त्याची ओळख आहे ती कीबोर्डसाठीच्या ५५५ छोट्या रचनांनी, म्हणजे सोनाटांनी. हँडेलने तिसरीच वाट काढली. लंडनमध्ये तो बायबलमधील कथांवरची ऑरेटोरिओ, म्हणजे अभिनयाविना गायची आख्याने, नाट्यगृहात तिकीट लावून करी, आणि मध्यंतराच्या आसपास स्वतः ऑर्गनवर बसून कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीची वाद्यरचना, वाजवी. काही लोक केवळ तेवढ्यासाठी येत असावेत असा मला दाट संशय आहे.

प्रश्न (मेहकर तालुक्यातील महिला भजन मंडळाच्या एक भगिनी) : आम्ही सिनेमाच्या चालींवर भजने बसवतो, तर गावातील वडीलधारी मंडळी नाराज होतात. तिकडच्या देवाच्या संगीतात असे चालत होते काय?

उत्तर : ताई, सर्रास चालत होते. बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये काट्यांचा मुकुट घातलेल्या येशूच्या मुखाकडे पाहून म्हटलेले एक पद आहे, त्याची चाल त्या रचनेत पाच वेळा येते आणि दर वेळी तिची पट्टी आणि बहुतेक वेळा तिच्याखालची स्वरसंगतही निराळी असते. ती चाल मूळची हास्लर नावाच्या संगीतकाराच्या १६०१ च्या प्रेमगीताची. एका तरुणीने माझ्या मनाचा गोंधळ करून टाकला, असा त्या गीताचा भाव. सव्वाशे वर्षांनी चर्चमध्ये रडणाऱ्या माणसाला ती तरुणी आठवतही नव्हती.

बाखने राजघराण्यातील वाढदिवसांसाठी रचलेले संगीत शब्द बदलून १७३४ च्या नाताळासाठी वापरले. हँडेलने १७४१ च्या उन्हाळ्यात प्रेमावर फसवणुकीचा आळ घेणारे एक इटालियन द्वंद्वगीत रचले आणि काही आठवड्यांतच त्याचे स्वर ‘मसाया’ या आपल्या ऑरेटोरिओमध्ये बालयेशूच्या जन्माच्या समूहगानात घातले. संपूर्ण ‘मसाया’ त्याने २४ दिवसांत लिहिले, तेव्हा हाताशी असलेले वापरणे ओघानेच आले. इटलीच्या पेर्गोलेसीने १७३६ मध्ये, मरणाच्या उंबरठ्यावर, मरियमच्या शोकाचे ‘स्ताबात मातेर’ लिहिले. म्हाताऱ्या बाखने तेच संगीत घेऊन त्याखाली ५१ व्या स्तोत्राचे जर्मन शब्द बसवले. विवाल्दी तर स्वतः धर्मगुरू. त्याच्या व्हायोलिनच्या कॉन्चेर्टोंवर बाखने वायमारमध्ये ऑर्गन आणि हार्पसिकॉर्डसाठी हात फिरवला आणि त्यातूनच इटालियन बांधणी उचलली. पुढे चार व्हायोलिनांचा कॉन्चेर्टो त्याने चार हार्पसिकॉर्डांसाठी बसवला.

एक मात्र आहे. यांतल्या कोणी चाल जशीच्या तशी उचलून वर शब्द चिकटवून ठेवले असे सहसा होत नाही. शब्दांचा भार पडेल तिथे सूर हलवलेला दिसतो. सिनेमाची चाल घेताना ‘विठ्ठल’ शब्दातल्या जोडाक्षराचा ठोका खालच्या कुठल्या तरी अक्षरावर जात असेल, तर वडीलधाऱ्यांची नाराजी कदाचित सिनेमावर नसून त्या ठोक्यावर असेल. तेवढे तपासून पाहावे.

प्रश्न (नागभीड तालुक्यातील एक तरुण) : माझ्याकडे साधी हातपेटी आहे. तिच्यावर बाख वाजेल काय?

उत्तर : एका हाताने भाता आणि एका हाताने पट्ट्या, म्हणजे अर्धाच बाख वाजेल. पण दोन पेट्या आणि दोन माणसे मिळाली तर ‘इन्व्हेन्शन’ नावाच्या दोन आवाजांच्या १५ छोट्या रचनांपैकी पहिली घ्यावी. बाखने त्या शिकणाऱ्यांसाठीच लिहिल्या. पांढरी एकचा सा धरून पहिला वादक सुरू करतो : सा रे ग म रे ग सा प. तो ‘प’वर पोहोचून पुढे सरकतो तोच दुसरा वादक खालच्या सप्तकात तेच सा रे ग म रे ग सा उचलतो. आपल्या झीलकऱ्यांशी याचे साम्य वाटेल, पण मुख्य गायक थांबल्यावर झीलकरी उचलतात, इथे पहिला थांबतच नाही. त्याचे पुढचे बोलणे आणि दुसऱ्याचे मागचे बोलणे एकाच वेळी चालते आणि तरी दोन्ही समजतात. सुरुवातीला निम्म्याहून कमी लयीत वाजवावे, नाहीतर दोघेही एकमेकांच्या मागे धावू लागतात.

एकट्याने करायचे असेल तर चार सूर देतो. जर्मन लिपीत कोमल नीला बी आणि शुद्ध नीला एच म्हणतात, त्यामुळे बाखच्या आडनावाची चार अक्षरे वाजवता येतात. काळी पाच, पांढरी सहा, वरच्या सप्तकातील पांढरी एक, पांढरी सात. ‘आर्ट ऑफ फ्यूग’ या अखेरच्या काळातील रचनेत, अपुऱ्या राहिलेल्या फ्यूगमध्ये, त्याने हेच सूर विषय म्हणून घेतले आणि त्यानंतर थोड्याच वेळात हस्तलिखित थांबते. १७५० मध्ये जॉन टेलर नावाच्या फिरत्या इंग्रज नेत्रवैद्याने त्याच्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली, दृष्टी गेली आणि जुलैत तो वारला. त्याच टेलरने पुढे हँडेलच्या डोळ्यांनाही हात लावला, आणि त्यालाही गुण आला नाही. जन्मभर न भेटलेल्या त्या दोघांच्या वाट्याला निदान वैद्य तरी एकच आला.

चारही सूर लागोपाठच्या चार पट्ट्यांचे आहेत, त्यामुळे बोटे एकमेकांना अडतात. पांढरी सहावर अंगठा, काळी पाचवर तर्जनी, पांढरी सातवर मधले बोट आणि वरच्या पांढरी एकवर अनामिका ठेवली म्हणजे हात हलवावा लागत नाही, फक्त भाता सावकाश चालू ठेवायचा.